राखलेला पांढरा

काळ्या-पांढऱ्या कामाला आपल्याकडे अजूनही पायरी समजतात. एलिमेंटरीच्या तयारीसाठी तांब्या-बादलीवर पेन्सिल घासून शेडिंग गिरवायचं आणि इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रापर्यंत हात रंगांवर बसवायचा. घरी पाहुणे आले की वही उघडली जाते ती रंगीत पानांवर. पेन्सिलीचं पान दिसलं तर ‘हे रंगवायचं राहिलंय वाटतं?’ असं कुणीतरी प्रेमाने विचारतं. हा प्रश्न मला लहानपणापासून खुपत आला आहे. चाळिशी उलटल्यावर मी पुन्हा चित्रकला शिकायला बसले ती फक्त काळ्या-पांढऱ्यात. पेन्सिल, कोळसा, काँटेची कांडी, शाई. यापुढे रंगांकडे जाईनही कदाचित. पण या कामात काही अपुरं आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही.

माझे सर जे. जे.चे. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीशी, ते आम्हां चार-पाच मोठ्या माणसांना रविवारी सकाळी बसवतात. खिडकी उत्तरेची, कारण तिच्यातून ऊन थेट आत येत नाही आणि वस्तूवरची सावली तासन्‌तास जागची हलत नाही. युरोपातल्या चित्रशाळा याच हिशेबाने बांधलेल्या. पण पुणं पडलं कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत सूर्य आमच्याकडे दिवसभर उत्तरेच्याच अंगाला असतो. त्या आठवड्यांत पॅरिसच्या चित्रकाराला जी खिडकी निर्धास्त करते, तीच आमच्या टेबलावर उन्हाची तिरीप आणून टाकते. मग सर तिला जुनं धोतर लावतात. जूनचे ढग दाटले की धोतर निघतं. पावसाळी उजेड त्यांना सगळ्यात प्रिय. त्या दिवसांत ते बोलतातही कमी.

छटांना हात लावायला आम्हांला बरेच रविवार थांबावं लागलं. आधी मापं. हात ताठ लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून उंचीशी रुंदी ताडून बघायची. कोपर जरासं वाकलं तरी माप फसतं. दोऱ्याला नट बांधून केलेला ओळंबा सगळ्यांच्या पिशवीत. तांब्याच्या कडेची ओळ खाली टेबलाला कुठे भेटते, ते त्याच्यावरून ठरवायचं. आणि मग तो तांब्या. तोंड, गळा, पोट, बूड अशी चार लंबवर्तुळं एकाखाली एक. डोळ्याच्या पातळीला जवळचं असेल ते चपटं, आणि खाली उतरावं तसं प्रत्येक अधिक उघडत जाणारं. बूड टेबलावर सपाट टेकलेलं असतं म्हणून नवखा माणूस ते आडव्या रेघेत संपवतो. खरं तर चारांत सगळ्यात जास्त वाक तिथेच असतो. टेबल सपाट असल्याचं आपल्याला ठाऊक असतं, आणि हे ठाऊक असणंच डोळ्याच्या आड येतं. सर त्या बुडाशी बोट ठेवून एवढंच विचारतात, ‘ताई, हे तुम्हांला दिसतंय, का माहीत आहे?’

मला वाटतं, मूलभूत शिक्षण म्हणतात त्याचा निम्मा भाग या एका प्रश्नात येतो. उरलेला निम्मा उजेडाचा.

उजेडाचा अभ्यास अंड्यावर सुरू झाला. पांढरं अंडं, पांढऱ्या कापडावर. त्याआधी एका पट्टीवर नऊ चौकोन भरायचे होते. पहिला कोरा कागद, शेवटचा ६बी पेन्सिलीने निघेल तितका गडद, आणि मधले सात समान अंतराने उतरत जाणारे. ऐकायला सोपं वाटतं. पण दोन शेजारच्या चौकोनांतला फरक आणि त्यापुढच्या दोघांतला फरक सारखा आहे, असं डोळ्याला पटेपर्यंत पट्टी पुन्हा पुन्हा करावी लागते. गडद टोकाशी सगळेच चौकोन एकमेकांत मिसळू बघतात. पेन्सिलीचा जोर वाढवून उपयोग नसतो. दाबलं की कागदाचा दाणा मोडतो, ग्राफाइट चकाकायला लागतं आणि काळ्याऐवजी रुपेरी दिसतं. गडद छटा चढवायची ती हलक्या हाताने, थरावर थर देत.

पट्टी जमल्यावर अंडं. खिडकीच्या बाजूला सगळ्यात उजळ ठिकाण, तिथून वळत जाणारी फिकी छटा, मग मध्यछटा, मग अंड्याच्या अंगावरचा सगळ्यात गडद पट्टा. आणि त्याच्यापलीकडे, अगदी कडेला, पुन्हा एक उजेड. तो कापडाचा. कापडावर पडलेला प्रकाश उलटून अंड्याच्या सावलीत शिरतो. हा परावर्तित प्रकाश पहिल्यांदा ओळखू आला तेव्हा मला केवढा आनंद झाला! सावलीच्या पोटात उजेड राहतो, आणि त्याच्यामुळेच अंडं गोल होतं. नाहीतर ते तिथे कापल्यासारखं संपलं असतं. पण हाच प्रकाश सगळ्यांना चकवतोही. त्याच्या एका अंगाला गडद पट्टा, दुसऱ्या अंगाला गडद पडछाया, म्हणून तो खिडकीकडच्या बाजूइतकाच उजळ भासतो.

सरांकडे यावर एक उपाय आहे. जुन्या पोस्टकार्डाला त्यांनी बोटभर अंतरावर दोन बारीक भोकं पाडलेली आहेत. कार्ड डोळ्यासमोर धरायचं. एका भोकातून तो परावर्तित प्रकाश दिसू द्यायचा, दुसऱ्यातून उजेडाच्या बाजूची मध्यछटा. शेजारीपाजारी झाकले गेले की खरं काय ते उघडं पडतं. सावलीतला तो ‘उजेड’ चांगलाच करडा निघतो. उजेडाच्या बाजूची सगळ्यात काळसर जागाही त्याच्यापेक्षा उजळ असते. हा नियम मी पुस्तकात वाचला असता तर मान हलवून पुढे गेले असते. त्या भोकांतून पाहिल्यावर तो अंगात मुरला. तेव्हापासून कुठल्याही करड्याकडे मी एकट्याने बघत नाही. एकच करडा काळ्याजवळ ठेवला तर उजळतो, पांढऱ्याजवळ ठेवला तर मळकट होतो. छटेला स्वतःची अशी किंमत नाही, तिची सगळी पत शेजारावर.

आणि हे असंच असावं लागतं, कारण आपल्याजवळचं भांडवल फार थोडं आहे. अंगणातलं दुपारचं ऊन आणि मोरीतला काळोख यांत शेकडो पटींचा फरक असतो. कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा फार तर नव्वद टक्के भाग परत देतो, आणि कोळशाचा काळ्यात काळा डागही दोन-चार टक्के देतोच. तेवढ्यात अंगणही मांडायचं आणि मोरीही. जसंच्या तसं उतरवणं शक्यच नाही. नाती तेवढी सांभाळता येतात. यापेक्षा ते उजळ, त्यापेक्षा हे गडद, एवढं खरं ठेवलं तर डोळा बाकीचं भरून घेतो. डोळे बारीक करून बघायचं ते याच्यासाठी. पापण्या अर्ध्या मिटल्या की बारीकसारीक तपशील गळून पडतात आणि उजेड-सावलीचे दोनतीन मोठे तुकडे उरतात. ते तुकडे बरोबर बसले तर चित्र उभं राहतं. चुकले तर पापणीचा एकेक केस काढूनही काही हाती लागत नाही.

कागदाचा पांढरा तेवढा एकच. पेन्सिलीने तो आणखी पांढरा होत नाही, आपण तो फक्त राखू शकतो. अंड्यावर सगळ्यात उजळ जागा कुठली हे पहिल्या रेघेआधी ठरवून ती सोडून द्यायची, आणि बाकी सगळं काम तिच्या राखणीसाठी करायचं. तेलरंगात शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका लावून उजेड आणता येतो. इथे ती सोय नाही. आमच्यातले एक गृहस्थ खूप वर्षं हिशेबतपासनीस होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं पान करड्याने भरलं. सरांनी त्यांना दुसरा कागद दिला आणि म्हणाले, ‘आता नुसतं बसा आणि कुठे काढायचं नाही ते शोधा.’ ते गृहस्थ तासभर बसले. त्या दिवशी त्यांनी ठेवलेला कोरा मला अजून आठवतो.

कोळशाशी माझी ओळख झाली आणि पेन्सिल थोडी मागे पडली. कोळसा कागदाला धरून राहत नाही, फुंकरीने उडतो, कापडाने पुसतो, आणि म्हणूनच तो शिकणाऱ्याचा मित्र. संपूर्ण कागद मध्यम करडा करून घ्यायचा, त्यात गडद भरायचं, आणि उजेड रबराने उचलून काढायचा. रबर मिळायच्या आधी चित्रकार याच कामाला पावाचा मऊ भाग वापरत. युरोपात विलोच्या किंवा द्राक्षाच्या काड्यांचा कोळसा करतात. आपल्या मुलखात श्रीकालाहस्तीचे कलमकारी कारागीर चिंचेच्या काड्या जाळून त्यांनी कापडावर आराखडा काढतात. हे ऐकल्यावर सरांच्या मागे लागून आम्ही वाड्याच्या परसात तो प्रयोग केला.

पेन्सिलीएवढ्या सरळ काड्या निवडल्या, साल सोलली, दोन दिवस वाळवल्या. पत्र्याच्या डब्यात दाटीने उभ्या भरल्या, झाकण ओल्या मातीने लिंपलं आणि झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं. डबा निखाऱ्यांत ठेवला. आधी भोकातून पांढरी वाफ आली. ती लाकडातल्या पाण्याची. मग पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर, आणि त्याला काडी लावली तर तो बारीक ज्योतीने जळतो. ती ज्योत विझली, धूर थांबला की डबा बाजूला घ्यायचा. पण उघडायचा नाही. आतलं गरम असताना हवा शिरली तर कोळशाची राख होते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. काड्या आकसून बारीक झालेल्या, एकावर एक आपटल्या की काचेसारख्या किणकिणणाऱ्या. काही आतून तपकिरी राहिल्या होत्या, त्या कागदावर ओरखडे काढत. बाकीच्यांनी जी रेघ दिली ती मऊ, किंचित निळसर काळी होती. माझ्या वाट्याच्या काड्या मी अजून कंजूषपणे वापरते. या कामाला एकच शत्रू, पावसाळा. कागद ओल धरतो, सैलावतो, कोळसा नीट बसत नाही. आणि पूर्ण झालेलं चित्र लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, नळीने फवारून पक्कं करावं लागतं.

पेन्सिलीलाही तिचा इतिहास आहे. इंग्लंडमधल्या बॉरोडेलचं शुद्ध ग्राफाइट लढाईमुळे फ्रान्सला मिळेनासं झालं, तेव्हा निकोला-जाक काँटे यांनी ग्राफाइटची भुकटी आणि चिकणमाती मिसळून, भाजून शिसं तयार केलं आणि १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माती जास्त तर पेन्सिल कठीण, कमी तर मऊ. आपल्या कंपासपेटीतली एचबी त्याच भट्टीची वारस. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी काँटेची काळी कांडी पुढे जॉर्ज सरा या चित्रकाराच्या हाती आली आणि तिने जे केलं ते मला अजूनही अद्भुत वाटतं. सरा खरबरीत दाण्याचा कागद घेई आणि कांडी त्याच्यावरून आडवी, हलकेच फिरवी. दाण्याच्या उंचवट्यांवर काळा बसे, खोलगट जागा पांढऱ्या राहत. १८८२-८३ च्या सुमारास त्याने शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईचं असं एक चित्र केलं. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यात बाह्यरेषा नाहीच. खाली झुकलेलं कपाळ, नाक, बोटं हे सगळं अंधारातून केवळ कमी काळं राहिल्यामुळे दिसतं. मी ते छापील पानावर पाहिलं आहे, तरी त्या बोटांजवळ आवाज करू नये असं वाटतं.

रंग नसण्याची आणखी एक ताकद आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलावंसं वाटतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात झैनुल आबेदीन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर भुकेने मरणारी माणसं स्वस्त पॅकिंगच्या कागदावर काळ्या शाईने काढली. कोरड्या कुंचल्याचे जाड फटकारे, आणि त्यांत बरगड्या, थाळी, कावळा. त्याच वर्षी नोव्हेंबरात चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात हिंडले आणि दिसेल ते शाईत टिपून त्यांनी लिहिलेलं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झालं. इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्रं किती खरी होती याला आणखी पुरावा नको. चित्तप्रसाद पुढे मुंबईत आले, कितीतरी वर्षं अंधेरीत राहिले आणि लिनोवर कोरत राहिले. जर्मनीत माक्स क्लिंगर यांनी १८९१ मध्ये एका निबंधात मांडलं होतं की आयुष्याची काळी बाजू सांगायला रंगचित्रापेक्षा रेखाटन आणि मुद्राचित्रण हीच योग्य माध्यमं. तो निबंध वाचून केटे कोलवित्स रंग सोडून इकडे वळल्या. पहिल्या महायुद्धात मुलगा गेल्यावर त्यांनी युद्धावर जी काष्ठमुद्रणं केली, त्यांत काळ्या ठोकळ्यातून आयांचे चेहरे कोरून बाहेर काढले आहेत. ही चित्रं रंगवायची राहिली, असं कोण म्हणेल? रंग असता तर नजर त्याच्या गोडीत क्षणभर रेंगाळली असती. इथे तिला पळवाट नाही.

लिनो आणि काष्ठमुद्रणात हिशेब उलटा असतो. तिथे सुरुवातीला सगळाच अंधार, आणि पात्याचा प्रत्येक घाव म्हणजे उजेड. नंदलाल बोस यांनी १९३० मध्ये दांडीयात्रेतल्या गांधीजींचं लिनोचित्र केलं तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेघा तेवढ्या कोरल्या. काठी, वाकलेली पाठ, पुढे पडलेलं पाऊल. त्या घराघरांत पोहोचल्या.

आपण मराठी वाचक तर काळ्या-पांढऱ्यातच वाढलो. ऑफसेट सर्रास होण्याआधी मासिकांची आतली चित्रं जस्ताच्या ब्लॉकवरून छापली जात. हाफटोन ब्लॉकला खर्च जास्त आणि कागदही गुळगुळीत हवा, म्हणून कथाचित्रं बहुधा लाइन ब्लॉकची. लाइन ब्लॉक करडा जाणत नाही, शाई लागली तर काळा नाहीतर कागद. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे यांच्यासारख्या चित्रकारांना सगळी मधली हवा रेघांच्या दाटीने, ठिपक्यांनी किंवा नुसत्या मोकळ्या जागेने निर्माण करावी लागे. लहानपणी आजोळच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक चाळताना मी कथा सोडून ती चित्रं बघत बसे. आता कळतं की पदराची एकच रेघ ते मध्येच तोडत, आणि ती तुटलेली जागा उजेडाची असे. कड सगळीकडे सारखी काढायची नसते. जिथे दोन छटा एक होतात तिथे ती हरवू द्यायची, पुढे पुन्हा सापडते.

या अभ्यासाने माझ्या दिवसांत काय केलं ते सांगणं अवघड आहे. स्वारगेटला एसटीची वाट बघताना समोरच्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या टोपीची सावलीतली बाजू, मागच्या उन्हातल्या काळ्या छत्रीपेक्षा गडद दिसते. पांढरं काळ्यापेक्षा काळं असू शकतं, हे मी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून पाहिलं नव्हतं. मंडईत वांग्यांच्या ढिगावर प्रत्येक वांग्याला खिडकीएवढी स्वच्छ चकाकी असते आणि ती रंगाची नसते, आभाळाची असते. अशा गोष्टींनी मी श्रीमंत झाले आहे, हे मला मोकळेपणाने म्हणावंसं वाटतं.

श्रावणातल्या एका दुपारी आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडत बसली होती. बाहेर पाऊस, आतला दिवा बंद. मी चिंचेचा कोळसा घेऊन समोर बसले. ‘माझं काय काढतेस, म्हातारीचं,’ ती म्हणाली, ‘या मेथीचं काढ, केवढी कोवळी आलीय.’ मग विसरली आणि निवडत राहिली. तिच्या हाताच्या पाठीवरच्या शिरा मी कधी नीट पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक शिरेला एक उजळ कड, एक गडद कड, आणि गडद कडेत मेथीकडून आलेला तो परावर्तित प्रकाश. काळ्यात हिरवा दाखवता येत नाही. पण सावली तिथे किंचित हलकी ठेवली की पानांचा ओलावा कागदावर येतो. नखं जवळजवळ कागदाचीच ठेवली. चेहरा केला नाही; कपाळाचा कडेचा भाग अंधारात जाऊ दिला. आईने चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘माझे हात इतके अम्मासारखे झालेत?’ अम्मा म्हणजे तिची आई. चित्र तिने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलंय. फवारून पक्कं करायला मागितलं तर अजून देत नाही.

आता शाई सुरू होणार आहे. टाकाने काढलेली रेघ पुसत नाही, उचलत नाही, लपत नाही. कोळशाने जी मुभा दिली होती ती सगळी संपते. मला त्याची थोडी धास्ती आहे आणि हातही शिवशिवतात. मागच्या रविवारी निघताना सरांनी सांगितलं की पहिले काही दिवस चित्र नाही, नुसत्या रेघा. आडव्या, उभ्या, तिरप्या, जवळ, लांब, निबवर जोर देत आणि सोडत. टाक कुठला आणू विचारलं तर म्हणाले, ‘टाक मी देईन ताई. तुम्ही कागद भरपूर आणा. आणि सुती फडकं, जुनं, धुतलेलं.’